पत्ता वाचा, मगच दार उघडा

टाळेबंदीने अनेक घरांतील मिळवत्या माणसांच्या नोकऱ्या हिरावून घेतल्या होत्या. अशा दिवसांत, २०२० सालच्या अखेरीस, देशभरातील बेरोजगार तरुण-तरुणींच्या मोबाइलवर एक संदेश येऊ लागला. आरोग्य खात्याशी संलग्न अशा 'स्वास्थ्य एवं जन कल्याण संस्थान' नावाच्या संस्थेत हजारो जागा भरायच्या आहेत, त्वरित अर्ज करा, असा त्याचा आशय होता. सोबत संकेतस्थळाची लिंक होती. ती उघडली की सरकारी वाटावे असे पान समोर येई. पदांची यादी, पात्रतेच्या अटी, अर्जाचा नमुना, सारे काही व्यवस्थित. नोंदणी शुल्क तेवढे भरायचे होते आणि तेही शंभर ते पाचशे रुपये.

सुमारे सत्तावीस हजार उमेदवारांनी हे शुल्क भरले. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्ली पोलिसांच्या सायबर शाखेने या प्रकरणी पाच जणांना अटक केली, तेव्हा कळले की अशी संस्थाच अस्तित्वात नव्हती. संकेतस्थळ बनावट होते आणि थोडेथोडे करून गोळा झालेली रक्कम एक कोटी नऊ लाख रुपयांच्या घरात गेली होती. पैसे हरियाणातील हिसार येथील एटीएममधून रोजच्या रोज काढले जात होते.

या प्रकरणातील दोन गोष्टी प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे, फसवणुकीची रक्कम लहान होती. चारशे-पाचशे रुपयांसाठी पोलीस ठाण्याची पायरी कोण चढणार? ठगांचा हिशेब नेमका यावरच आधारलेला होता. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, टोळीतील लोकांचा ऑनलाइन परीक्षा केंद्राच्या व्यवसायाशी संबंध होता आणि सरकारी नोकरीसाठी प्रयत्न करणाऱ्यांची माहिती त्यांच्या हाती आधीच होती. म्हणजे संदेश योग्य माणसाला, योग्य वेळी, त्याच्या मनातल्या इच्छेला हात घालत पोहोचत होता.

तेव्हा संदेशात आपले नाव अचूक आहे किंवा आपण कशाच्या शोधात आहोत हे पाठवणाऱ्याला ठाऊक आहे, हा खरेपणाचा पुरावा मानता येत नाही. मग पुरावा कोणता?

चेहरा खरा, पत्ता खोटा

एखाद्या बँकेचे संकेतस्थळ जसेच्या तसे उभे करायला आज फार वेळ लागत नाही. बोधचिन्ह, रंग, छायाचित्रे, अक्षरांचे वळण, खाली लिहिलेले नियम, सारे काही उचलून दुसरीकडे ठेवता येते. राष्ट्रीय चिन्ह किंवा पंतप्रधानांचे छायाचित्र लावणे तर त्याहून सोपे. पूर्वी बनावट पानांवर शुद्धलेखनाच्या चुका सापडत आणि त्यावरून संशय येई. आता यंत्राकडून शुद्ध मराठी, हिंदी किंवा इंग्रजी लिहून घेता येते, त्यामुळे हीही खूण भरवशाची राहिलेली नाही.

नक्कल करता येत नाही अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पत्ता. एका वेळी एक पत्ता एकाच्याच नावावर असतो. ठगाला खऱ्या पत्त्यासारखा दिसणारा पत्ता घेता येतो, पण तोच पत्ता घेता येत नाही. म्हणून संकेतस्थळाची ओळख चेहऱ्यावरून नव्हे, तर पत्त्यावरून पटवायची असते.

हा पत्ता वाचायचा कसा? टपालाचा पत्ता आठवा. पाकिटावर घराचे नाव, गल्ली, पेठ, गाव आणि शेवटी पिनकोड असतो. पोस्टमन प्रथम पिनकोड पाहतो, घराचे नाव सर्वांत शेवटी. कुणी आपल्या घरावर 'राष्ट्रपती भवन' अशी पाटी लावली, म्हणून त्याचे पत्र रायसीना टेकडीवर जात नाही. संकेतस्थळाचा पत्ताही असाच शेवटाकडून वाचायचा असतो.

सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून द्या आणि त्यानंतर जी पहिली तिरपी रेघ येईल तेथे बोट ठेवा. आता बोटाच्या डावीकडे काय आहे ते उलट वाचत जा. 'परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन' हा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' या अक्षरांनी संपतो, म्हणून तो सरकारचा. पण 'परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट टॉप' असा पत्ता असेल, तर तो परिवहन खात्याचा नसून 'अमुकतमुक' नावाच्या कुणाचा तरी आहे. आधीची सरकारी अक्षरे म्हणजे भाड्याच्या खोलीवर लावलेली राजवाड्याची पाटी.

'जीओव्ही डॉट इन' हे शेपूट केवळ केंद्र व राज्य सरकारांची कार्यालये आणि सरकारी संस्थांनाच दिले जाते. मात्र येथेही एका आडव्या रेघेचा खेळ होतो. 'जीओव्ही'च्या आधी टिंबाऐवजी छोटी आडवी रेघ असेल, तर ते सगळे मिळून एकच नाव होते आणि असे नाव कुणीही विकत घेऊ शकतो. टिंब आणि रेघ यांतील हा फरक घाईत डोळ्यांना दिसत नाही.

तसाच खेळ अक्षरांचाही असतो. घाईत वाचताना 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची गफलत होते ना? इंग्रजीत 'आर' आणि 'एन' ही छोटी अक्षरे शेजारी ठेवली की ती 'एम'सारखी दिसतात. 'ओ'च्या जागी शून्य, 'एल'च्या जागी एकचा आकडा बसवला जातो. रशियन लिपीतील काही अक्षरे तर इंग्रजी अक्षरांसारखीच दिसतात. डोळ्यांनी हा फरक ओळखता येईलच असे नाही. म्हणून सर्वांत चांगला उपाय हा की, आलेल्या लिंकवरून जायचेच नाही. बँकेचा पत्ता पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागच्या बाजूवरून पाहून स्वतः लिहायचा आणि एकदा खात्री झाली की तो मोबाइलमध्ये जपून ठेवायचा.

बँकांच्या बाबतीत आता एक चांगली सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या शेपटाच्या पत्त्यावर नेण्यास सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हे शेपूट बाजारात विकत मिळत नाही. हैदराबादच्या एका संस्थेमार्फत ते केवळ बँकांनाच मिळते. त्यामुळे बँकेचे पान म्हणून जे उघडले आहे त्याच्या पत्त्याचा शेवट असा नसेल, तर खातेक्रमांक लिहिण्याआधी थांबणे शहाणपणाचे.

कुलूप म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे

बरीच वर्षे लोकांना सांगितले जात होते की, पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसले म्हणजे संकेतस्थळ सुरक्षित. हा सल्ला अर्धाच खरा आहे. कुलपाचा अर्थ इतकाच की, तुमच्या मोबाइलपासून त्या संकेतस्थळापर्यंत जाणारी माहिती वाटेत कुणाला वाचता येणार नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे की नाही, हे कुलूप सांगत नाही. बंद पाकिटातून पैसे पाठवले, पण पाकीट चोराच्याच पत्त्यावर गेले, तर पाकीट बंद असल्याचा काय उपयोग?

हे कुलूप आता ठगांनाही फुकट मिळते. लोकांचा होणारा गैरसमज पाहूनच गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरमधून कुलपाचे चिन्ह काढून टाकले आणि त्याजागी दुसरे साधे चिन्ह ठेवले. कुलूप नसणे ही धोक्याची खूण जरूर आहे, पण असणे ही खात्रीची खूण नाही.

घाई करणारा संदेश

दिल्लीत २०२२ च्या सुमारास अनेकांना रात्रीच्या वेळी संदेश येऊ लागले. 'मागील महिन्याचे बिल अद्ययावत न झाल्याने आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडली जाईल. त्वरित या क्रमांकावर संपर्क साधा.' घरात म्हातारी माणसे, लहान मुले, दिल्लीचा उकाडा. अशा वेळी वीज जाणार म्हटल्यावर कोण विचार करत बसेल? त्या क्रमांकावर फोन केला की पलीकडचा माणूस नम्रपणे बोलतो, दहा रुपये भरायला सांगतो, त्यासाठी एक लिंक किंवा अॅप पाठवतो आणि थोड्याच वेळात खाते रिकामे होते. दिल्लीतील वीज वितरण कंपन्यांना ग्राहकांना पुन्हा पुन्हा सावध करावे लागले. असेच संदेश महाराष्ट्रात महावितरणच्या नावानेही फिरले.

पुढे याच धर्तीवर पाइपमधून येणाऱ्या गॅसचे बिल आले, मग वाहतूक नियम मोडल्याचे चलान. गुरुग्राम किंवा नोएडाहून दिल्लीत रोज गाडीने ये-जा करणाऱ्याला दोन राज्यांचे वाहतूक पोलीस भेटतात. कुठे वेगमर्यादा ओलांडली गेली असेल, असे त्याला वाटणे स्वाभाविकच. व्हॉट्सअॅपवर 'आरटीओ चलान' नावाची फाइल आली की तो ती उघडतो. ती फाइल नसून अॅप असते. नावाच्या शेवटी 'एपीके' ही तीन अक्षरे असतील, तर ते चलान नाही, लग्नाची पत्रिका नाही की बँकेचा अर्जही नाही. ते अॅप मोबाइलमध्ये बसले आणि मागेल त्या परवानग्या आपण दिल्या, तर येणारे सर्व संदेश ते वाचू शकते. म्हणजे बँकेचा ओटीपी तुम्ही कुणालाही सांगितला नाही, तरीही तो चोराला कळतो. असे अॅप आलेल्या लिंकवरून किंवा फाइलवरून कधीही घेऊ नये.

चलान खरे आहे की खोटे, हे तपासण्याचा मार्ग सोपा आहे. परिवहन खात्याचे ई-चलानचे पान स्वतः उघडायचे आणि गाडीचा क्रमांक घालून पाहायचे. चलान असेल तर ते तेथे दिसेलच. विजेचे बिल कंपनीच्या स्वतःच्या अॅपवर किंवा जुन्या बिलावर छापलेल्या क्रमांकावर विचारायचे. बातमी खरी असेल, तर ती दुसऱ्या वाटेनेही खरीच निघते. खोटी बातमी मात्र फक्त तिच्याच लिंकवर खरी असते.

संदेश कुणी पाठवला आहे, तेही पाहावे. नोंदणीकृत कंपन्यांचे संदेश दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून न येता अक्षरांच्या छोट्या नावाने येतात. २०२५ पासून या नावाच्या शेवटी एक रेघ आणि एक अक्षर जोडले जाते. 'पी' म्हणजे जाहिरात, 'एस' म्हणजे सेवा, 'टी' म्हणजे व्यवहार आणि 'जी' म्हणजे सरकार. वीज कंपनीचा साहेब साध्या मोबाइल क्रमांकावरून वीज तोडण्याची धमकी देत असेल, तर तो साहेब नाही.

यादीत पहिला म्हणून खरा नव्हे

काही वेळा लिंक येत नाही, आपणच शोधायला जातो. दिल्लीमार्गे चारधाम यात्रेला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना केदारनाथच्या हेलिकॉप्टरचे तिकीट हवे असते. मागणी मोठी, जागा थोड्या. शोधयंत्रावर 'केदारनाथ हेलिकॉप्टर' लिहिले की सर्वांत वर एखादी जाहिरात येते. संकेतस्थळ देखणे असते आणि हव्या त्या तारखेला जागाही शिल्लक असते. पैसे भरल्यावर व्हॉट्सअॅपवर तिकीटही येते. हेलिपॅडवर पोहोचल्यावर कळते की, असे तिकीट कधी निघालेच नव्हते. वास्तविक २०२३ पासून केदारनाथच्या हेलिकॉप्टरची ऑनलाइन तिकिटे आयआरसीटीसीच्या 'हेलियात्रा' या एकाच अधिकृत संकेतस्थळावर मिळतात.

गाड्यांच्या उच्च सुरक्षा क्रमांकपट्ट्यांच्या बाबतीतही हेच घडले. सक्ती झाली, मुदत जवळ आली, दंडाची भीती होती आणि बनावट संकेतस्थळे उगवली. दिल्लीत हे आधी झाले, २०२५ मध्ये महाराष्ट्रातही अशी संकेतस्थळे उघडकीस आली. जेथे सरकार मुदत घालते तेथे ठग दुकान मांडतो. अशा वेळी परिवहन खात्याच्या मूळ पानावर जाऊन तेथून पुढची वाट धरावी.

शोधयंत्राच्या यादीत वर येण्यासाठी पैसे मोजता येतात, हे अनेकांना ठाऊक नसते. नावाशेजारी 'प्रायोजित' असा बारीक शब्द असेल, तर ती जागा विकत घेतलेली आहे असे समजावे. ग्राहक सेवेचा क्रमांक तर शोधयंत्रावरून कधीही घेऊ नये. तो बिलावर, कार्डावर किंवा कंपनीच्या मूळ संकेतस्थळावर पाहावा.

पैसे न मागणारे संकेतस्थळ

'आम्ही कुठे पैसे भरले? फक्त नाव आणि फोन नंबर लिहिला,' असे म्हणून बरेच जण निश्चिंत असतात. जून २०१९ मध्ये दिल्ली पोलिसांनी आयआयटीतून पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या एका तरुणाला अशाच संकेतस्थळाबद्दल अटक केली होती. नवे सरकार स्थापन होत असताना 'मेक इन इंडिया' योजनेखाली दोन कोटी तरुणांना मोफत लॅपटॉप मिळणार, असे त्याच्या संकेतस्थळावर लिहिले होते. लाखो लोकांनी ते उघडले आणि व्हॉट्सअॅपवर एकमेकांना पाठवले. तेथे शुल्क नव्हतेच. लोकांच्या गर्दीवर जाहिरातींचे उत्पन्न मिळवणे आणि त्यांची माहिती जमवणे, हा त्याचा हेतू होता असे पोलिसांनी सांगितले.

ही माहिती म्हणजे पुढच्या फसवणुकीचे बियाणे. नाव, वय, गाव, फोन नंबर आणि 'मला लॅपटॉप हवा आहे' ही इच्छा, एवढे कुणाच्या हाती लागले की त्याला नेमका कोणता संदेश पाठवायचा हे ठरते. शिवाय अशी लिंक आपण स्वतः आपल्या नातेवाइकांना पाठवतो. आत्याने किंवा काकांनी पाठवली म्हणून पुढचा माणूस ती निःशंकपणे उघडतो. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटात आलेली फुकट योजनेची लिंक पुढे ढकलणे, म्हणजे चोराला आपल्या ओळखीवर घरात घेणे.

'अशोक कुमार' कोण?

दिल्ली उच्च न्यायालयात 'अशोक कुमार' या नावावर अनेक दावे दाखल झालेले आहेत. हा कुणी एक माणूस नाही. प्रतिवादी कोण आहे हेच ठाऊक नसेल, तर त्याला काही तरी नाव द्यावे लागते. इंग्लंड-अमेरिकेत अशा अनामिकाला 'जॉन डो' म्हणतात, आपल्याकडे न्यायालयांनी त्याला 'अशोक कुमार' म्हटले.

'डाबर इंडिया विरुद्ध अशोक कुमार' हा २०२२ चा दावा त्यापैकीच एक. नामांकित कंपन्यांच्या नावाशी साम्य असलेले पत्ते घेऊन त्यावर वितरक किंवा एजन्सी देण्याच्या जाहिराती केल्या जात होत्या. याआधी २०२० मध्ये अमूल दुधाच्या कंपनीलाही अशाच तक्रारीसाठी याच न्यायालयात जावे लागले होते. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतून दुधाचे पार्लर काढावे, असे स्वप्न पाहणाऱ्यांकडून आधी नोंदणी शुल्क, मग अनामत, मग परवान्याचा खर्च अशी रक्कम उकळली जाई. हे पाचशे रुपयांचे प्रकरण नव्हते, आयुष्यभराच्या पुंजीचे होते.

न्यायालयासमोरची अडचण अशी की, पत्ता विकत घेणाऱ्याची ओळख झाकून ठेवण्याची सोय नोंदणी करणाऱ्या कंपन्याच देतात. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने म्हटले की, ग्राहकाने स्वतः मागितल्याखेरीज ही सोय आपोआप देऊ नये. दुसरी अडचण बँकेची होती. पैसे पाठवणारा कंपनीचे नाव लिहीत असे, पण बँक फक्त खातेक्रमांक पाहत असे. नाव एकाचे, खाते भलत्याचेच. यावर रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएसने पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नोंदलेले नाव दिसण्याची सोय बँकांना द्यावी लागली. यूपीआयवर तर हे नाव आधीपासूनच दिसते.

ते नाव वाचायला दोन क्षण लागतात. पान सांगते दूध कंपनी आणि पडद्यावर नाव येते कुणा व्यक्तीचे, असे दिसले तर तेथेच थांबावे. पत्ता वाचायचे राहून गेले असेल, तर वाचण्याची ही शेवटची संधी असते. हे नाव न वाचता पिन टाकला, तर नंतर पोलिसांनाही अशोक कुमारच शोधत बसावे लागते.

तो शोध किती कठीण असतो, हे दिल्लीच्या शेजारी दिसले. राजधानी क्षेत्रातील हरियाणाच्या नूंह जिल्ह्यात एप्रिल २०२३ मध्ये सुमारे पाच हजार पोलिसांनी एकाच वेळी चौदा गावांवर छापे घातले. तपासानंतर हरियाणा पोलिसांनी सांगितले की, तेथील ठगांचा संबंध देशभरातील सुमारे अठ्ठावीस हजार फसवणुकींशी आणि शंभर कोटी रुपयांशी लागतो. एवढी फौज लावूनही सर्वांचे पैसे परत मिळतील असे नसते. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांचे बावीस हजार आठशे कोटींहून अधिक रुपये गेले.

चूक झालीच तर

सावध माणूसही कधी तरी फसतो. थकलेला असताना, आजारपणात, मुलाच्या प्रवेशाच्या धावपळीत बोट चुकून लिंकवर जाते. अशा वेळी पहिला तास मोलाचा.

सर्वप्रथम १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर फोन करावा. २०२१ मध्ये ही व्यवस्था दुसऱ्या क्रमांकावर सुरू झाली, पुढे तिला १९३० हा क्रमांक मिळाला. ठग पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळवत असतात. तक्रार वेळेत पोहोचली, तर या खात्यांच्या बँकांना लगेच कळवून वाटेतच रक्कम अडवता येते. पैसे एकदा एटीएममधून निघाले की ही संधी गेली. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम जवळ ठेवावी. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर लेखी तक्रार नोंदवावी. त्याचाही पत्ता 'जीओव्ही डॉट इन'नेच संपतो, हे पाहून घ्यावे.

त्याच वेळी बँकेला कळवून खाते आणि कार्ड गोठवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवले की, ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचा. कळवल्यानंतरचा तोटा मात्र बँकेचा. म्हणजे उशिराची किंमत ग्राहकालाच मोजावी लागते.

अॅप घेतले गेले असेल, तर मोबाइलचे इंटरनेट लगेच बंद करून ते अॅप काढून टाकावे. सर्व पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदलावेत. संदेश, पानाची छायाचित्रे, ठगाचे क्रमांक पुसू नयेत, तो पुरावा आहे. ठग नोएडाचा, फसलेला गुरुग्रामचा आणि पैसे निघाले हिसारला, तर तक्रार कुठे करायची, हा प्रश्न पूर्वी छळत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती नोंदवता येते. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणखी एक सापळा येथेच असतो. 'तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, फक्त प्रक्रिया शुल्क भरा,' असे सांगणारे फोन आणि संकेतस्थळे फसलेल्यांनाच गाठतात. पोलीस किंवा बँक पैसे परत देण्यासाठी शुल्क मागत नाहीत.

दाराशी थांबून एवढे पाहा

* पत्ता शेवटाकडून वाचा. सरकारचा 'जीओव्ही डॉट इन', बँकेचा 'डॉट बँक डॉट इन'.
* लिंकवरून जाऊ नका, पत्ता स्वतः लिहा किंवा जपून ठेवलेला वापरा.
* संदेश घाई करत असेल, तर मुद्दाम दहा मिनिटे थांबा.
* 'एपीके' असलेली फाइल कुणीही पाठवली तरी उघडू नका.
* पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार.
* पैसे पाठवण्याआधी पडद्यावरचे नाव मोठ्याने वाचा.
* फसगत झाली तर आधी १९३०, मग बाकीचे.

घरातला धाक

या साऱ्या उपायांवर पाणी फिरवणारी एक गोष्ट बऱ्याच घरांत असते, ती म्हणजे धाक. समजा, मुलगा आणि सून कामावर गेले आहेत आणि नोएडातील फ्लॅटमध्ये सासूबाई एकट्याच आहेत. गॅसच्या बिलाचा संदेश येतो, त्या लिंक उघडतात आणि खात्यातून चाळीस हजार रुपये जातात. चूक झाली हे त्यांना लगेच कळते. पण 'तुम्हाला सांगितले होते ना, मोबाइलला हात लावू नका' हे शब्द याआधी त्यांनी इतक्या वेळा ऐकलेले असतात की, त्या संध्याकाळपर्यंत गप्प बसतात. कधीकधी आठवडाभर. मुलाच्या कानावर ही गोष्ट जाईपर्यंत पैसे चार खात्यांतून फिरून बाहेर पडलेले असतात. सासूबाईंच्या जागी सुशिक्षित सून असती, तरी नवऱ्याच्या बोलण्याच्या भीतीने तिनेही कदाचित हेच केले असते. महाविद्यालयात जाणारा मुलगा तर हमखास लपवतो.

रागावण्याने गेलेले पैसे परत येत नाहीत. उलट पुढच्या वेळी तक्रारीचा मोलाचा तास वाया जातो. म्हणून घरातील प्रत्येकाला एक आश्वासन आधीच दिलेले असावे की, चूक झाली तर ताबडतोब सांग, कुणी बोलणार नाही. १९३० हा क्रमांक दूधवाल्याच्या आणि डॉक्टरांच्या क्रमांकाशेजारी फ्रिजवर लिहून ठेवावा. एखाद्या रविवारी चहा झाल्यावर सर्वांनी मिळून आलेले दोन-चार संदेश उघडून त्यांचे पत्ते शेवटाकडून वाचून पाहावेत. सासूबाईंना हे जमत नाही, असा समज करून घेण्याचे कारण नाही. आयुष्यभर त्यांनी दारावर आलेल्या माणसाला साखळी न काढता 'कोण? कुठून आलात? काय काम आहे?' असेच विचारले आहे. मोबाइलवरच्या दारालाही हीच साखळी लावायची आहे.